ईएलसीबी पुन्हा पुन्हा पडतो, पण वेळ ठरलेली नाही: आमच्या घरात सापडलेलं कारण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे पंखा थांबला आणि उकाड्याने जाग आली. मोबाईलवर ३.१० झाले होते. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या बिल्डिंगचे दिवे चालू, दार उघडलं तर लिफ्टपाशीही उजेड. अंधार फक्त आमच्याच घरात. चपलांच्या कपाटावर आमचा डीबी, म्हणजे घरातल्या मेन स्विचची पेटी आहे. मोबाईलच्या उजेडात त्याचं झाकण उघडलं, तर बाकी सगळे स्विच वर आणि पहिला रुंद स्विच, म्हणजे ईएलसीबी, तेवढा खाली पडलेला. वर केला, टिकला, पंखा फिरू लागला. त्याच दुपारी तो परत पडला आणि रात्री पुन्हा एकदा. पुढचा सव्वा महिना आमच्या घरी हेच चाललं होतं.

ज्यांच्याकडे हा स्विच कधीही पडतो, वर केला की लगेच टिकतो आणि वायरमन आला की काहीच सापडत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्याकडे दोष फ्रिजमध्ये निघाला. तुमच्याकडे दुसरी एखादी वस्तू असू शकेल, म्हणून शोध कसा लागला तेही सविस्तर सांगते. ही तक्रार अशी आहे की तीन जण घरी येऊन गेले आणि तिघांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी बदलायला सांगितल्या.

सगळ्यात आधी पडतो तो स्विच कोणता, हे बघा. डीबीत ओळीने लावलेले अरुंद स्विच म्हणजे एमसीबी. वायरमधून झेपेल त्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट सर्किट झालं, तर ते पडतात. ज्या रुंद स्विचवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे तो आरसीसीबी. बोलताना सगळेच त्याला ईएलसीबी म्हणतात, वायरमनसुद्धा. त्याचं काम वेगळं आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. फेजमधून जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला, तर तो गप्प असतो. त्यातला काही करंट भलत्याच वाटेने, म्हणजे अर्थिंगमधून, ओल्या भिंतीतून किंवा कोणाच्या अंगातून जमिनीत गेला, तर हिशेब जुळत नाही आणि तो पडतो. घरातल्या आरसीसीबीवर बहुधा ३० एमए किंवा ०.०३ ए असं छापलेलं असतं. ३० मिलिअँपियरची गळती झाली की त्याने पडायलाच हवं, आणि १५ च्या आत पडता कामा नये. त्या दोन आकड्यांच्या मधे तो कधीही पडू शकतो.

३० मिलिअँपियर म्हणजे किती? जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण २६० मिलिअँपियर घेतो. त्याच्या नवव्या भागाइतकी ही गळती. १६ अँपियरच्या एमसीबीला ती कळतसुद्धा नाही, कारण त्याचा आकडा तिच्या पाचशे पटींहून मोठा आहे. माणसाच्या अंगातून मात्र दहाएक मिलिअँपियर गेले तरी हाताचे स्नायू आवळून बसतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तीसच्या वर गेलं आणि थोडा वेळ टिकलं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून हा आकडा ३० ठेवलेला आहे. हे मी एवढं लांबवून सांगते, कारण आमच्या घरी आलेल्या दुसऱ्या वायरमनने दहा मिनिटं इकडेतिकडे पाहून सांगितलं, “मॅडम, हा आरसीसीबीच त्रास देतोय. काढून डायरेक्ट करून देतो, परत पडणार नाही.” मी नको म्हटलं. सासूबाई पहाटे उठून अनवाणी, ओल्या हाताने फ्रिजमधून दूध काढतात. हा स्विच काढला असता तर त्या फ्रिजची गळती तशीच राहिली असती, फक्त आम्हाला कळली नसती. तुम्हालाही कोणी डायरेक्ट करून देतो म्हणालं तर त्याचे पैसे देऊन त्याला परत पाठवा.

त्याच्या आधी आलेल्याने आरसीसीबी बदलला होता. जुना अकरा वर्षांचा होता, म्हणून तो खर्च वाया गेला असं मी म्हणत नाही. पण नवासुद्धा त्याच रात्री पडला, तेव्हा एवढं पक्कं झालं की स्विच खरं बोलतोय आणि घरात कुठेतरी खरोखर गळती आहे.

मग ठरलेली पद्धत. सगळे एमसीबी खाली करायचे, आरसीसीबी वर करायचा. तसाही तो पडला तर डीबीतलं वायरिंग, कुठल्या तरी खोलीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना लागणं किंवा खुद्द आरसीसीबी, यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. टिकला तर एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याच्यासरशी आरसीसीबी पडेल, त्या सर्किटवरच्या सगळ्या वस्तूंच्या पिना सॉकेटमधून ओढून काढायच्या आणि एकेक परत लावायची. इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकले होते. बटण बंद करून भागत नाही. आपल्या भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. वस्तूच्या आत न्यूट्रल बॉडीला लागत असेल, तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडू शकतो. शिवाय काही जुन्या घरांत बटणावर चुकून न्यूट्रलच घेतलेला असतो. मग बटण बंद केलं तरी वस्तूपर्यंत फेज पोचलेला असतो. म्हणून पिनच काढायची. गीझरसारखी थेट जोडलेली वस्तू असेल तर ती वायरमनकडून सोडवून घ्यायची.

दोष कायम असेल तर या पद्धतीने अर्ध्या तासात सापडतो. आमचा दोष कायम नव्हता. सगळे स्विच वर, सगळी यंत्रं चालू, तरी आरसीसीबी शांत. वायरमन जायचा आणि चार-पाच तासांनी अंधार.

आमचा पहिला संशय गीझरवर. असं होतं तेव्हा बरेचदा गीझरचं एलिमेंट निघतं, म्हणून सुरुवात तिथूनच करणं बरोबर होतं. दोन दिवस गीझर सोडवून ठेवला, गॅसवर पाणी तापवलं. स्विच पडायचा तो पडलाच. मग वॉशिंग मशीनची पिन काढून ठेवली, मग वॉटर प्युरिफायरची. काही फरक नाही. तोवर दूध दोनदा नासलं, कोथिंबीर काळी पडली. वीज जाते म्हणून नासतंय, असं आम्ही धरून चाललो होतो. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा उलगडा आहे.

शेवटी मी एक वही केली. डीबीखाली पेन बांधून ठेवलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं की पडल्याची वेळ आणि वर केल्याची वेळ, दोन्ही लिहा. पडला तेव्हा काय चालू होतं, पाऊस होता का, हेही. त्या आठवड्याची वही अशी होती: सोमवार पहाटे ३.१०. दुपारी १.४०. रात्री १२.०५. मंगळवार सकाळी १०.५०. रात्री ९.२०. पावसाशी काही संबंध दिसेना, कधी भर पावसात टिकला तर कधी कोरड्या दुपारी पडला. घड्याळाच्या वेळेतही काही जुळेना. मुलीने मात्र दोन नोंदींच्या मधले तास मोजले: साडेदहा, त्याच्याच आसपास, पावणेअकरा, पुन्हा साडेदहा. आम्ही सगळेच चमकलो. दिवसाच्या वेळेत नियम नव्हता, दोन पडण्यांच्या मधल्या अंतरात होता.

बुधवारी त्याची खात्री झाली. सकाळी पडला तेव्हा घरात कोणी नव्हतं, मी तीन तासांनी येऊन वर केला. पुढचा त्यानंतर साडेदहा तासांनी पडला. पडल्यापासून मोजलं तर साडेतेरा तास होत होते, वर केल्यापासून बरोबर साडेदहा. म्हणजे घरातली कुठलीतरी वस्तू वीज आल्यापासून तास मोजत होती आणि ठरलेल्या वेळी आपोआप काहीतरी चालू करत होती.

अशा वस्तू घरात किती असतात? कोणी हात न लावता स्वतःहून काम सुरू करणारी आमच्याकडे एकच होती. फ्रॉस्ट फ्री फ्रिज.

या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड थंड कॉइल असते. हवेतला दमटपणा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. तो वितळवायला कॉइलला लागून एक हीटर दिलेला असतो. कॉम्प्रेसर काही तास चालला की फ्रिजचा टायमर किंवा बोर्ड त्याला थांबवतो आणि थोडा वेळ हा हीटर चालू करतो. वितळलेलं पाणी नळीतून मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये येतं आणि तिथल्या गरमीने सुकून जातं. आपल्याला यातलं काहीच दिसत नाही. हा हीटर सतत ओलाव्यात बसलेला असतो. वर्षानुवर्षांनी त्याच्या टोकाचं सील सुटतं, आत पाणी शिरतं, आणि हीटर चालू झाला की त्यातून बॉडीकडे करंट गळू लागतो. एरवी हीटर बंद, म्हणून गळती नाही. आमच्या फ्रिजमध्ये छोटा बोर्ड आहे. वीज जाऊन आली की त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून स्विच वर करताच टिकायचा. फिरता टायमर असलेल्या जुन्या फ्रिजमध्ये याच्या उलट होतं. टायमर तिथेच थांबलेला असतो, त्यामुळे स्विच वर केला की लगेच परत पडतो. ती अडचण पकडायला सोपी.

संशय आला म्हणून आम्ही फ्रिज रिकामा केला, दूध-भाजी समोरच्या काकूंकडे ठेवली आणि पिन काढून टाकली. त्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत स्विच एकदाही पडला नाही. पहिल्यांदाच सासूबाई रात्री टॉर्च उशाशी न घेता झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता पिन लावली आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला घर अंधारलं.

फ्रिज दुरुस्त करणारे आले, त्यांनी पिनेला हात लावण्याआधी एकच विचारलं, “ताई, खालचा कप्पा गार होतोय का नीट?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. होत नव्हता, महिनाभर होत नव्हता. त्यांनी फ्रीझरचं मागचं पॅनेल उघडलं आणि आत कॉइल दिसलीच नाही. मुठीएवढा जाड, पांढरा, टणक बर्फ वरपासून खालपर्यंत भरलेला. पंख्याची पाती त्यात अर्धी रुतलेली. हीटर चालू झाला की काही क्षणांत आरसीसीबी पडत होता, म्हणजे महिनाभर एकदाही बर्फ पूर्ण वितळला नव्हता. बर्फाने वाट अडवली, गार हवा खाली येईना, म्हणून दूध नासत होतं. वीज जाण्याचं आणि दूध नासण्याचं मूळ एकच होतं, आणि आम्ही एकाला दुसऱ्याचं कारण समजत होतो. तुमच्याकडे स्विच पडत असेल आणि फ्रीझर गार पण खालची भाजी कोमट असेल, तर बाकी सगळं सोडून आधी फ्रिज बघा.

बर्फ वितळायला गरम पाण्याची भांडी आत ठेवली, तरी दोन तास लागले. सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की गॅस जातो. मग त्यांनी हीटर सोडवून मेगर लावला. मेगर म्हणजे ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन मोजणारं मीटर. साध्या मल्टीमीटरला असा दोष बरेचदा दिसत नाही, कारण त्याची बॅटरी अगदी कमी व्होल्ट देते. मेगरचा काटा शून्याला टेकून राहिला. २३० व्होल्टला ३० मिलिअँपियर गळायला साडेसात हजार ओहमच्या आसपास पुरेसे होतात. चांगला हीटर लाखो ओहम दाखवतो. नवा हीटर आणि मजुरी धरून सोळाशे रुपये झाले. आरसीसीबी, दोन वायरमन आणि नासलेलं सामान याला त्याच्या तिप्पट खर्च आधीच झाला होता.

दोष फ्रिजमध्ये नसेल तर काय? आमच्या बिल्डिंगमध्ये मी विचारत फिरले तेव्हा कळलं की पाच-सहा घरांत हा त्रास होऊन गेलाय. पडण्याची पद्धत पाहिली की शोध निम्मा होतो, म्हणून तेवढं सांगते. पाऊस सुरू झाला की पडतो आणि ऊन पडलं की टिकतो, तर घराबाहेर असलेलं काहीतरी असणार: बाल्कनीतला दिवा किंवा सॉकेट, एसीचं बाहेरचं युनिट, खिडकीतून बाहेर नेलेली वायर. आमच्या खालच्या घरात बाल्कनीच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी भरत होतं. गीझर चालू करताच किंवा तापत आल्यावर पडतो, तर एलिमेंट. एलिमेंटच्या नळीत भरलेली पांढरी पूड ओलावा ओढून घेते, म्हणून बरेच दिवस बंद राहिलेला गीझर पहिल्या दिवशीच पाडतो. भिंतीत खिळा किंवा ड्रिल मारल्यापासून सुरू झालं असेल, तर तो खिळा हलवण्याआधी मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. इन्व्हर्टर बसवल्यापासून सुरू झालं, तर बहुतेक वेळा न्यूट्रलची गल्लत असते. इन्व्हर्टरवर घेतलेल्या दिव्यांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या चुकीच्या बाजूला जोडला गेला की करंट एका वाटेने जातो आणि दुसऱ्या वाटेने येतो, गळती नसतानाही हिशेब चुकतो. आणि घरात कॉम्प्युटर, टीव्ही, राउटर, एलईडी दिवे फार असतील तर प्रत्येकातून थोडी थोडी गळती ठरलेलीच असते. ती सगळी मिळून १५ च्या वर गेली तर एकही वस्तू बिघडलेली नसताना स्विच पडू शकतो. त्यावर उपाय म्हणजे सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटून घेणं, जास्त आकड्याचा आरसीसीबी लावणं नव्हे. १०० किंवा ३०० एमएचा स्विच आगीपासून काहीसं संरक्षण देतो, माणसाला वाचवायला तो पुरत नाही.

यातलं पिन काढणं, एमसीबी खाली-वर करणं आणि वही लिहिणं एवढंच आपण करायचं. डीबीचं आतलं झाकण उघडायचं काम परवानाधारक वायरमनचं. त्याला बोलावताना मेगर आणि गळती मोजणारा क्लॅम्प मीटर आहे का, हे फोनवरच विचारा. नुसता टेस्टर घेऊन येणाऱ्याला ही तक्रार सापडणार नाही. वायरिंगला मेगर लावण्याआधी टीव्ही, राउटर, एलईडी दिवे सगळं काढायला सांगा, ५०० व्होल्टने त्यांचे बोर्ड जळू शकतात. आरसीसीबीचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वीज चालू असताना दाबल्यावर तो पडायलाच हवा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला. हेही माहीत असू द्या की फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला, आणि करंट जमिनीत गेला नाही, तर आरसीसीबीला ते कळत नाही.

आता एक शेवटची गोष्ट. दुसऱ्या वायरमनने जाता जाता सुचवलं होतं की डायरेक्ट करायचं नसेल तर सगळ्या मोठ्या वस्तूंचे पॉइंट बदलून बघा, फ्रिज वॉशिंग मशीनच्या सॉकेटवर लावा. आम्ही ते करणारच होतो, वायर पोचली नाही म्हणून राहिलं. फ्रिज दुरुस्त झाल्यावर मी घरातल्या प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. वॉशिंग मशीनच्या सॉकेटमागची हिरवी वायर स्क्रूमधून सुटून नुसती लोंबत होती. टोक काळं पडलेलं, म्हणजे सुटून बराच काळ झाला असावा. फ्रिज तिथे लावला असता तर गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट मिळाली नसती आणि स्विच पडायचा बहुधा थांबला असता. आम्ही दोष गेला असं समजलो असतो. दर साडेदहा तासांनी हीटर चालू झाला की फ्रिजच्या दारापर्यंत करंट येऊन थांबला असता, आणि त्याला जमिनीत जायची पहिली वाट पहाटे अनवाणी आलेल्या सासूबाईंनी हँडलला हात लावला की मिळाली असती. दोन पिनांच्या अॅडॉप्टरवर फ्रिज लावला किंवा प्लगची जाड पिन कापली तरी नेमकं हेच होतं. ती वायर त्याच दुपारी स्क्रूमध्ये घट्ट बसवून घेतली. तुमच्याकडे एखादी वस्तू जागा बदलल्यावर आरसीसीबी पडायचा अचानक थांबला असेल, तर त्या नव्या सॉकेटचं अर्थिंग आजच तपासून घ्या, आणि तोवर त्या वस्तूची पिन काढून ठेवा.